साळसूद पेशी

कॅन्सर ओळखणं हे माझं काम, आणि बत्तीस वर्षांत माझं निदान कधी चुकलं नव्हतं. निदान मी तरी तसं सगळ्यांना ऐकवत असे. आता आठवलं तरी लाज वाटते.

मार्चमध्ये एका रंगाऱ्याच्या मूत्राशयातले तुकडे तपासायला आले. त्याच्या लघवीतून रक्त जात होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. आम्ही त्यांना घरटी म्हणतो. अशी घरटी धडधाकट माणसातही असतात, वरच्या अस्तराला लागून, निरुपद्रवी. पेशीही कशा अगदी गरीब, साळसूद दिसत होत्या.

काचपट्ट्या तयार करणाऱ्या ताई दारात घुटमळल्या. "सर, ही घरटी खाली स्नायूत शिरल्यासारखी वाटतात. एकदा बघता का?"

घरटी स्नायूत सापडली तर तो कॅन्सरच. दुर्मीळ, पण पक्का सोंगाड्या. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवायचो. पण जेवायची वेळ झाली होती, आणि मला शिकवणारी ही कोण!

"ताई, तुम्ही काप तेवढे पातळ काढा. निदानाचं मी बघतो."

शेजारी बसलेले विद्यार्थी खिदळले. ताई मान खाली घालून गेल्या. मी 'कॅन्सर नाही' असं लिहून सही ठोकली.

ऑक्टोबरमध्ये सर्जनचा फोन आला. रंगाऱ्याच्या पोटात गाठी पसरल्या होत्या. आता मूत्राशय काढूनही उपयोग नव्हता. मी जुनी काचपट्टी शोधून लावली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्नायूत ठिकठिकाणी घरटी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, हा प्रकार भल्याभल्यांना चकवतो," सर्जन म्हणाला. "घरच्यांना मी तसंच सांगितलंय."

मला हायसं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त शरम वाटते.

वॉर्डात गेलो. ते तुकडे तपासणारा मीच, असं सांगितलं. रंगारी डोळे मिटून पडला होता. त्याच्या बायकोनं उठून मला स्वतःची खुर्ची दिली.

"डॉक्टर, मनाला लावून घेऊ नका. कोणाच्याही लक्षात आलं नसतं म्हणे."

नुसती मान हलवली असती तरी सुटलो असतो.

"आलं होतं," मी म्हणालो. "आमच्या ताईंच्या. त्या मला सांगायलाही आल्या होत्या. मी ऐकलं नाही."

"तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर?"

"वाचले असते बहुतेक."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रंगारीच बोलला. तो जागाच होता.

"त्या ताईंना भेटता येईल का?"

ताईंना बोलवायला मी उठलो. मार्चपासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो होतो.