प्राचार्यांच्या खणातल्या राख्या

सोमवारी सकाळी भाग्यलक्ष्मी एकोणीस वर्षांच्या लेकीची वेणी घालत होती, कारण भार्गवीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. गॅसवर उप्पीट करपत होतं आणि सोफ्यावर भार्गवीचे मोठे काका, व्यंकोजी अण्णा, पेपरआडून बोलत होते. भाग्यलक्ष्मीचा नवरा वारल्यापासून या घरातल्या आमटीत मीठ किती पडावं, हेसुद्धा अण्णाच ठरवत.

"साडेतीनशे वर्षं आपण बेंगळुरात आहोत. आपल्यातलं कुणी पोलिस स्टेशनची पायरी चढलं नाही कधी. आणि शौर्य आपल्यातलाच पोरगा आहे. स्वल्प समजून घ्यायचं की."

"त्यानं मला जिन्यावरून ढकललं, अण्णा."

"राग आला असेल. त्याच्या गाडीवर बसायचं नव्हतं तुला, सरी, मान्य. पण नाही म्हणायची पण एक रीत असते."

ती रीत अण्णांना तरी कुठून ठाऊक असणार? त्यांनी घरात कुणाला कधी नाही म्हणू दिलंच नव्हतं.

भार्गवीचं आणि शौर्यचं कॉलेज जयनगरात होतं. तिथली सुरक्षा अशी कडक, की फाटकावर ओळखपत्र दाखवल्याशिवाय कावळासुद्धा आत शिरत नसे. कॅमेरे इतके, की झाडावरच्या खारीनं दात कोरले तरी ऑफिसात दिसावं. फक्त लायब्ररीच्या जिन्यावरच्या कॅमेऱ्याला त्या दिवशी नेमकी झोप लागली होती. मुलींच्या तक्रारींसाठी कायद्यानं समिती लागते, म्हणून समितीची पाटी होती. पाटीखाली दार होतं. दाराला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारायचं तर त्या समितीकडेच अर्ज करावा लागे.

प्राचार्य पद्मनाभ शांतताप्रिय माणूस. अशा प्रकरणांवर त्यांनी घरगुती औषध शोधून काढलं होतं. टेबलाच्या खालच्या खणात बारा महिने राख्या, यशवंतपूरच्या घाऊक बाजारातून गठ्ठ्यानं आणलेल्या. पोरगं पोरीला छळतंय? बांधा राखी. आजपासून ती बहीण, मिटलं! श्रावण येवो न येवो, त्या केबिनमध्ये रक्षाबंधन होई. पेढेही असत, पण ते बहुतेक प्राचार्यच खात. हसू नका. तुमच्या गल्लीतल्या कॉलेजातही असा एखादा खण निघेल.

"माझ्याकडे दिलेली तक्रार मागे घ्यायची, राखी बांधायची, मी हॉलतिकीट देतो," त्याच सोमवारी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून प्राचार्य भार्गवीला म्हणाले. "परीक्षा गुरुवारपासून. वर्ष कशाला घालवतेस, बाळ?"

अण्णांनी मान डोलावली. शौर्यनं शर्टाची बाही सारून हात पुढे केला, रक्त तपासायला देतात तसा, सवयीनं.

"एका हातानं तिला गाठ येणार नाही," प्राचार्यांच्या लक्षात आलं. "आईंनी मदत करावी."

भाग्यलक्ष्मी राखी घेऊन पुढे झाली आणि थबकली. शौर्यच्या मनगटावर आधीच राख्या होत्या. विटलेल्या, घामानं काळ्या पडलेल्या. कोपरापर्यंत होत्या, असं पुढे लोक सांगू लागले. तेवढ्या नव्हत्या. मनगट भरलं होतं, एवढंच.

"ह्या कुणाच्या रे?"

"बहिणींच्या, आंटी." तो हसला. "ही मोत्यांची आहे ना, ती रम्याची. तिनं कॉलेज सोडलं."

"तिला कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं तुम्ही, सर," भार्गवी म्हणाली.

प्राचार्यांच्या तोंडात पेढा होता.

भाग्यलक्ष्मीनं राखी टेबलावर ठेवली. "अण्णा, मी गाठ मारणार नाही."

"वेडी का काय तू? हॉलतिकीट..."

"आधीच्या पोरींच्या आयांनी मारू दिल्या ना गाठी, म्हणून माझ्या पोरीचा हात मोडला."

"लोक काय म्हणतील, विचार केलास?"

"म्हणू द्या की. साडेतीनशे वर्षं गप्प बसून तोंडं आंबली असतील त्यांची."

शौर्यनं बाही खाली ओढली. प्राचार्यांनी राखी पुन्हा खणात टाकली आणि हॉलतिकीटही. भार्गवीचं वर्ष गेलं ते तिथेच, पेढ्याच्या वासात.

"पोलिसांत जा नाहीतर कोर्टात," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "एकट्या पोरीच्या शब्दाला कोण विचारतं?"

अण्णा रिक्षा करून घरी गेले, एकटेच. फाटकाबाहेर भाग्यलक्ष्मीनं लेकीला विचारलं, "ती रम्या राहते कुठे?"

"यशवंतपूरला. मी एकदा गेले होते तिच्या घरी."

दोघींनी यशवंतपूरची बस पकडली. रम्याच्या घराचं दार तिच्या वडिलांनी उघडलं, साखळी न काढता.

"रम्याला भेटायचं होतं," भाग्यलक्ष्मी कानडीत म्हणाली. "शौर्यबद्दल."

त्या नावासरशी त्यांचा चेहरा कठोर झाला. "इथे रम्या म्हणून कुणी राहत नाही."

"अप्पा, तुमच्याशी भांडायला नाही आलो," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"नाही म्हटलं ना! लग्न जुळवतोय आम्ही. जा तुम्ही."

दार लोटलं जाण्याआधी भाग्यलक्ष्मीनं लेकीचा प्लॅस्टरमधला हात उचलून फटीसमोर धरला. वडिलांची नजर त्यावर पडली, तशी त्यांनी ती जमिनीकडे वळवली. दार मात्र लोटलं नाही.

"राहते रम्या इथे," आतून मुलीचा आवाज आला. "थांबा, आंटी. चप्पल घालते."