तेरा किलो कमी

मागचं सीट साडेनऊ किलो भरलं. बाबांनी काट्याच्या दांडीवरचं वजन बोटाने एक खूण मागे सरकवलं, डोळा बारीक करून पुन्हा पाहिलं आणि मला म्हणाले, "लिही. साडेनऊ."

मी लिहिलं. शनिवारची सकाळ, सात वाजलेले, आणि आमच्या गाडीची अर्धी हाडं अंगणात पसरलेली. स्टेपनी बारा किलो, हत्यारांची पेटी अकरा, दोन्ही बंपर मिळून सहा, जॅक अडीच. बाबांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे त्यांनी चाळीस वर्षं सरळ केले आहेत, त्यामुळे अंदाजपंचे हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. सगळी बेरीज एक्केचाळीस झाली. आई भरते चोपन्न.

"तेरा कमी पडतात," असं म्हणून ते गाडीभोवती फिरू लागले, अजून काय काढता येईल ते शोधत. आई पायरीवर चहा पीत बसली होती. चहावर फुंकर घालत ती त्यांचं फिरणं पाहत होती.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. आमची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. इंजिन दोन सिलिंडरचं, आणि आवाज असा की गल्लीत तिला सगळे शिलाई मशीन म्हणतात. सपाट रस्त्यावर ती चौघांना नेते, फक्त घाई करायची नाही. पण आमचं घर आहे टेकडीवर. बाजारापासून वर यायला पाऊण किलोमीटरचा चढ आहे, तीन वळणांचा, आणि त्या चढाला गाडी एकाच माणसाला नेते. दुसरं कोणी बसलं की दुसऱ्या वळणावर ती मान टाकते. म्हणून रोज संध्याकाळी आई पायथ्याशी उतरायची. बाबा गाडी वर न्यायचे, दिव्याच्या खांबाशी थांबून दोनदा हॉर्न वाजवायचे, म्हणजे पोचलो, आणि आई चालत येऊन पुन्हा गाडीत बसायची. अठ्ठावीस वर्षं. लहानपणी मला गाडीत बसू द्यायचे. मी तीस किलोंची झाले त्या आठवड्यात बाबांनी मलाही अगदी प्रेमाने खाली उतरवलं.

बाबांना आळशी म्हणायची सोय नाही. दर रविवारी ते प्लग काढून ब्रशने घासतात, कार्बोरेटर फुंकून साफ करतात, ज्या स्क्रूला कोणी विचारत नाही त्यालाही तेल देतात. सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं. क्लचची तार तुटली तर ते काट्यांच्या सामानातून नवी बनवतात. गाडीच्या बाबतीत त्यांनी कधी कसूर केली नाही. आईला चालावं लागतं, ही गोष्ट मात्र त्यांनी इंजिनाच्या स्वभावात जमा करून टाकली होती. खरं सांगायचं तर मीही.

मग दोन महिन्यांपूर्वी आई तिसऱ्या वळणावर खाली बसली ती उठेचना. हॉस्पिटल झालं, हृदयाची एक झडप कुरकुरते असं कळलं, औषधं सुरू झाली. परवा डॉक्टर म्हणाले, तब्येत छान सुधारलीय. कामावर जा, गाडी चालवा, बसून करायचं ते सगळं करा, चढ तेवढा चढायचा नाही. आई खालच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधते. दोन महिने घरात बसून ती इतकी गप्प झाली होती की मला झडपेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची.

गाडी बदलू या, असं मी म्हणायच्या आधीच बाबांनी ठरवून टाकलं होतं. एक हॉटेलवाले वर्षभर त्यांच्या मागे लागले होते, त्यांना ही गाडी दर्शनी दालनात मांडून ठेवायची होती. शनिवारी गाडी आईला घेऊन चढली तर राहील, नाहीतर रविवारी हॉटेलवाले घेऊन जातील. हे सांगताना बाबांचा आवाज सरळ होता, पण नंतर बराच वेळ ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते. काचेच्या दारामागे ठेवायला ती काय फुलदाणी आहे का, एवढंच आई म्हणाली.

त्या शनिवारी आई कामावर गेली. संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघं चढाच्या पायथ्याशी उभे होतो. बाबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, मग किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याची डबी, कमरेचा पट्टासुद्धा. आई शेजारी बसली. मी एक मोठा दगड उचलून मागून चालू लागले. गाडी मागे सरकली तर चाकाला दगड लावायचा, हे माझं लहानपणापासूनचं काम.

पहिलं वळण गाडीने घेतलं आणि मला वाटलं, जमलं. दुसऱ्याच्या तोंडाशी आवाज जड झाला, अडखळला, आणि मी धावत जाऊन दगड लावला. बाबांनी बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं, प्लग पुसले, पुन्हा निघाले. दहा पावलं, की पुन्हा दगड. तिसऱ्यांदा गाडी जागची हललीच नाही. शेवटी ती हळूहळू मागे सोडत आम्ही पुन्हा पायथ्याशी आलो.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "तेच तेरा किलो," ते म्हणाले. "हॉटेलवाल्यांना फोन करतो."

आईने पर्समधून रुमाल काढून त्यांना घाम पुसायला दिला. मग म्हणाली, "अहो, सगळ्याचं वजन केलंत. तुमचं केलंत का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"ब्याऐंशी तरी असेल," मी खिडकीतून म्हटलं. मला राहवलं नाही.

लोकांच्या काट्यांतली पाच-दहा ग्रॅमची चूक शोधून काढणारा हा माणूस. जॅक मोजला, बंपर मोजले, कमरेचा पट्टा काढला, आणि गाडीतला सगळ्यात जड ऐवज स्टिअरिंगमागे बसून स्वतःच बेरीज करत होता. अठ्ठावीस वर्षांत आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नाही याची मला लाज वाटली. मग आईचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, तिला ते केव्हाच सुचलेलं होतं.

"अगं, पण चढावर क्लच..." बाबा म्हणू लागले. आईकडे लायसन्स आहे, वाचनालयापासून बाबांच्या दुकानापर्यंत सपाटीवर ती गाडी चालवतेही. चढ मात्र बाबांचा, असं न बोलता ठरलेलं होतं.

"दुसऱ्या वळणाआधी तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता," आई म्हणाली. "रोज सोडता. आत बसून कळत नाही ते. मागून चालणाऱ्याला ऐकू येतं."

बाबा खाली उतरले.

आईने सीट पुढे ओढलं, आरसा आपल्या उंचीला केला, आणि गाडी निघाली. बाबा मागच्या पत्र्यावर हात ठेवून अनवाणीच तिच्याबरोबर चालू लागले, मग भरभर चालू लागले, मग हात सुटला. मी दगड टाकून दिला आणि त्यांच्यापुढे चपला ठेवल्या. गाडी पहिल्या वळणाआड गेली. आम्ही दोघं नुसते कान देऊन चालत होतो. आवाज पातळ होत गेला, पण एकदाही अडखळला नाही.

पहिल्या वळणाशी बाबांना धाप लागली. "इथे बसा," मी बुटक्या भिंतीवरचा एक सपाट दगड दाखवला. "आई इथेच बसते." दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता. बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि बसले.

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला. दोनदा.

"पोचली," बाबा म्हणाले. "पोचली गं." त्यांनी आईचाच रुमाल तोंडावर धरला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला. दोन महिने माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मला जोरात हसू आलं आणि मी हसले.

समोरच्या दारातून इस्त्रीवाल्या बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या, बाबांना बघून थबकल्या. वाचनालयाच्या बाई कुठेत, बऱ्या आहेत ना, त्यांनी घाबरून विचारलं.

"बरी आहे. गाडी घेऊन वर गेली," बाबा म्हणाले, आणि हे सांगताना त्यांची पाठ ताठ झाली.

मग हे तुम्हीच घ्या, म्हणून बाईंनी पेला पुढे केला. रोज हॉर्न ऐकला की त्या आईसाठी तो भरून आणत. दोन महिने हॉर्न वाजे, पण आई येत नसे. बाबांनी पाणी पिऊन पेला दोन्ही हातांनी परत दिला. पुढे ते आणखी चारदा थांबले, आणि आई कुठे थांबते ते प्रत्येक वेळी त्यांनी मला विचारलं.

दिव्याच्या खांबाशी गाडी उभी होती. बाबा सवयीने चालकाच्या दाराशी गेले. आई जागची हलली नाही. "त्या बाजूने," ती म्हणाली. बाबा वळसा घालून गेले आणि शेजारी बसले. मागे सीट नव्हतंच, मी पत्र्यावर मांडी घातली.

"इथे काहीतरी टोचतंय," बाबा म्हणाले.

"स्प्रिंग आहे. जरा दाराकडे सरकून बसा."

ते सरकले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वर येताना किती वेळा थांबायचीस?"

"आधी एकदाच. शेवटी शेवटी चारदा."

"मी पाचदा थांबलो." मग हळूच, "बोलली का नाहीस कधी?"

"मला चालायला आवडायचं," आई म्हणाली. तिने गिअर टाकला. "नंतर नाही आवडायचं. पण तोवर सवय झाली होती सगळ्यांनाच."

घर येईपर्यंत बाबा तसेच दाराला चिकटून बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी हॉटेलवाल्यांना फोन करून गाडी द्यायची नाही असं सांगितलं. मग सगळं सामान पुन्हा जागेवर लावलं, सीट, स्टेपनी, जॅक, दोन्ही बंपर. त्यातलं काहीच काढायची गरज नव्हती. आई पुन्हा पायरीवर येऊन बसली होती, मांडीवर वाचनालयातलं एक फाटकं पुस्तक होतं आणि ती कितीतरी दिवसांनी एकटीच गुणगुणत होती.

शेवटी काटा तेवढा आत न्यायचा राहिला. बाबांनी चपला काढल्या आणि त्यावर उभे राहिले. दांडीवरचं वजन सरकवलं, थांबले, आणखी थोडं सरकवलं.

"लिही," ते म्हणाले. "सत्त्याऐंशी."

मी एक्केचाळिसाखाली तो आकडा लिहिला. बाबा काट्यावरून उतरले, पेटीतली पक्कड घेतली आणि चालकाशेजारच्या सीटखाली डोकं घालून ती स्प्रिंग शोधू लागले. सोमवारी सकाळी उतारावर गाडी बाबा चालवणार होते आणि तिथे आईच बसणार होती.