तो चालू होईपर्यंत

आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घेतो की नवरा त्याला ‘जावईबापू’ म्हणतो. हाक मारताच आला तर मान कसा राहणार? मी बटण दाबते, तो घरघरायला लागतो आणि मी ढबीला मांडीवर घेते. ढबी म्हणजे आमची लेक. दूध पिता पिता ती माझ्या गाउनची नाडी मुठीत धरते. मूठ सैल पडते, डोळे मिटतात, आणि मान वर करून बघावं तर जावईबापूही हजर. मग ती उठेपर्यंत मी भरतकामाच्या मशीनसाठी नक्ष्या काढते. शाळेच्या खिशांवरचे बिल्ले, टॉवेलवरची बदकं.

पण गणवेशवाल्या शिंपीकाकांनी धाडलेल्या नव्या फाइल्स काही केल्या उघडेनात. जुन्या सिस्टीमला त्या कळतच नव्हत्या. ‘नवीन सिस्टीम घाला’ असं पडद्यावर रोज यायचं आणि मी रोज ‘नंतर’ दाबायचे.

शेवटी नणंद आली. कॉम्प्युटर दुरुस्ती हाच तिचा धंदा, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातातच.

“वहिनी, हे काय म्युझियम आहे? याला सुरक्षेचे अपडेटसुद्धा येत नाहीत आता. दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे.”

“आणि माझा नक्ष्यांचा प्रोग्राम बंद पडला तर?”

“वेगळ्या, नव्या वेगवान डिस्कवर चढवून बघते, चुटकीसरशी चालू होईल. नाहीच जमलं तर तुझी जुनी डिस्क परत लावू. बोल आता.”

मी ढबीची लाळ पुसत बसले.

“खरं सांग, अडलंय कुठं?”

“तो लगेच चालू झाला तर मी लगेच कामाला बसेन गं. मग हिचं दूध नुसतं उरकायचं काम होईल.”

एरवी फिदीफिदी हसणारी नणंद हसली नाही. ढबीच्या पायाचा अंगठा हलवत म्हणाली, “तो चालू झाला म्हणून तू उठायलाच हवं का? तो काय तुझी सासू आहे?”

“ऐकू येतंय हं मला!” आतून सासूबाई.

“घाल बाई नवीन,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं. ढबीला घेऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच पडदा उजळला. नक्ष्यांचा प्रोग्राम उघडला, शिंपीकाकांची फाइलही उघडली. जीव भांड्यात पडला. हात आपोआप माऊसकडे गेला, तशी ढबी प्यायची थांबली. तिनं त्या उजेडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी खुर्चीच फिरवली. पडद्याकडे पाठ.

तिनं नाडी शोधली, धरली. पुन्हा लुचूलुचू प्यायला लागली, सावकाश, तिच्या चालीनं. मूठ सुटली तेव्हा मागे वळून पाहिलं. वाट बघून बघून पडदा काळा पडला होता. जावईबापूंचाही डोळा लागला होता.

सासूबाई दारात आल्या, कुजबुजल्या, “दोघंही झोपली?”

मी मान डोलावली. माऊसला मात्र इतक्यात हात लावला नाही.