फॉर्म क्रमांक एक

सही करायला उघडलेल्या पेनाला रेश्मा मॅडमनी पुन्हा टोपण लावलं, आणि इफ्रानं आणलेला फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"एकशे वीस मुलींचे फॉर्म," मॅडम म्हणाल्या. "त्यातल्या एक्केचाळीस सांगतात, घरी अभ्यास करत नाही. घरच्यांची मदत? तीही नाही. आणि वाचनाच्या चाचणीत ह्याच एक्केचाळीस सगळ्यांच्या पुढं! इफ्रा, खरं सांग. हे फॉर्म वसाहतीत जाऊन भरलेस, की घरी बसून?"

इफ्राचे कान तापले. एम.ए.च्या ह्या प्रबंधासाठी तिनं विडी कामगारांच्या वसाहतीत दोन महिने चपला झिजवल्या होत्या. सोलापूरच्या उन्हात दारोदार फिरून सातवी-आठवीच्या मुली गाठल्या होत्या. आणि आता हे!

"उद्या शनिवार. उद्यापर्यंत उलगडा आण," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर सोमवारी माझी सही मिळणार नाही."

सही नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलेलंही परवडलं असतं, पण खोटारडी म्हणून शिक्का बसला तर तो कुठं धुवायचा?

शनिवारी दुपारी ती तणतणतच वसाहतीत पोहोचली. पहिलं घर गोजाबाईंचं. ओट्यावर सात-आठ बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. सकाळची शाळा करून आलेली गोजाबाईंची नात नागवेणी शेजारी भाकरी खात होती. इफ्रानं तोच फॉर्म काढला आणि तोच प्रश्न विचारला, घरी अभ्यासाला मदत कोण करतं?

"कोन करनार?" गोजाबाई म्हणाल्या. "आमी अडानी. मागं बी हेच सांगितलं की तुला. इचारून इचारून उत्तर बदलतंय व्हय?"

बायका खुदकन हसल्या. इफ्राच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"ते कागुद ठिव बाजूला," गोजाबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "बस हितं. च्या घे."

ती बसली. दुसरं करणार तरी काय? नागवेणीनं हात धुतले, इतिहासाचं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. बायकांची बोटं चालत होती. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा.

"टीव्ही नाही लावत?" इफ्रानं हळूच विचारलं.

"टीव्हीला डोळं द्यावं लागत्यात. डोळं सुपात नसलं की इडी बाद झालीच म्हनून समज. कान मोकळंच असत्यात की." गोजाबाई बोलता बोलता थांबल्या. हातातली विडी तशीच राहिली. "नागे, मागं जा. सोडलंस."

नागवेणीनं जीभ चावली आणि गाळलेला परिच्छेद निमूटपणे वाचला.

इफ्रा ताठ झाली. "आज्जी, हा धडा तुम्हाला पाठ आहे?"

"आज पयल्यांदाच कानावर पडतोय."

"मग सोडलेलं कळलं कसं?"

"सोडताना पोरीचा आवाज पळतोय की! चोरी करून पळाल्यागत."

इफ्रानं चहाचा कप खाली ठेवला. "रोज वाचतेस तू?" तिनं नागवेणीला विचारलं.

"रोज. दोन तास. धडं संपलं की पेपर, तो बी संपला की दुकानाच्या पुडीचा कागद."

"अगं मग फॉर्ममध्ये अभ्यास नाही असं का सांगितलंस?"

"अभ्यास वहीत आसतो," नागवेणी तिला समजावत म्हणाली. "हे तर आज्जीचं काम हाय."

इफ्रा उठली ती धावतच सुटली. पलीकडच्या गल्लीत तेलुगू बायकांच्या घोळक्यात एक मुलगी विज्ञान वाचत होती. त्याच्या पुढच्या ओट्यावर आणखी एक. दोन महिने ती ह्याच आवाजांच्या मधून गेली होती! वाचणाऱ्या मुलींना थांबवून, अभ्यास करता का, असं विचारत गेली होती! तिला हसू आवरेना. तिनं फोन लावला. "मॅडम, आत्ताच्या आत्ता या! सापडलंय!"

अर्ध्या तासात मॅडमची स्कूटी ओट्यासमोर उभी राहिली. मॅडम काही सहजासहजी भुलणाऱ्या नव्हत्या. पर्समधून त्यांनी आपलंच पुस्तक काढलं, ओट्यावर बसून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर चार ओळी सफाईनं गाळल्या.

"बाई," गोजाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमी बी?"

सगळा ओटा हसला. मॅडमनी आणखी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा पकडल्या गेल्या. शेवटी त्या स्वतःच लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या.

"फॉर्म खरे होते, इफ्रा. मी तुझ्यावर संशय घेतला, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता आपली प्रश्नावली कुठं चुकली ते प्रामाणिकपणे लिही. सोमवारी सही पक्की."

रविवार संध्याकाळपर्यंत नवं प्रकरण लिहून झालं. फॉर्म नीट लावताना सगळ्यात खालचा कागद हाती आला. फॉर्म क्रमांक एक. प्रश्नावली जमते का हे पाहायला तिनं आपल्याच लहानपणावरून भरलेला. पालक: झीनत. शिक्षण: निरक्षर. अभ्यासात मदत: नाही. अम्मीला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यात विचारायचं काय, असं वाटलं होतं.

अम्मी समोर तांदूळ निवडत होती. पूर्वी ह्याच जागी ती विड्या वळायची आणि इफ्रा पुस्तक घेऊन बसायची.

इफ्रानं पेन उचललं, पण फॉर्मवरचं खोडलं नाही; नव्या प्रकरणात एक ओळ वाढवली. चूक प्रबंधात लिहिली होती, ती फॉर्मवरही तशीच दिसायला हवी होती. मग तिनं नवं प्रकरण उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागली. अम्मीची बोटं तांदळात फिरत राहिली. पाचव्या पानावर बोटं थांबली.

"रुक. बीच में कुछ छोड़ी तू."

इफ्रानं बोट मागच्या ओळीवर नेलं. तिनं सोडलेली ओळ वाचली, ह्या वेळी अगदी सावकाश: "संशोधिकेने पहिला चुकीचा फॉर्म स्वतःच्या आईचा भरला."