काकांच्या वाटणीचं काम

“काका, तुम्ही बसा हो. आम्ही आहोत ना.”

खटपटेबाई दार ढकलून आत आल्या, तोवर हे वाक्य दोनदा ऐकू आलं होतं. एकदा घरी येणाऱ्या नर्सचं, एकदा स्वयंपाकघरातल्या मदतनीस बाईचं. ‘खटपटे’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्या रुग्णालयातल्या समाजसेविका. एका रुग्णाची सोय लावण्यासाठी दहा दारं ठोठावायची त्यांची खोड पाहून सहकाऱ्यांनीच ते बारसं केलं होतं. बाईंना ते नाव मनातून आवडायचं.

हे घर तर त्यांच्या खटपटीचा कळस होता. काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. काकूंची स्मरणशक्ती कधीचीच विरत चालली होती, त्यात पडून खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, “एकटा म्हातारा काय काय बघणार? वृद्धाश्रमात जागा आहे, तिकडे पाठवा.” काकांनी हुज्जत घातली नाही. “तिला घरी न्यायचंय,” एवढंच म्हणाले. बाईंनी पदर खोचला. घरी नर्स पाठवणारं खातं, घरकामाची संस्था, सोबतीला बसणारं मंडळ, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून कामं वाटून टाकली. अंघोळ, औषधं, जेवण, चालवणं. सुटलं म्हणून काही नाही.

आज त्याची पहिली पाहणी. काकू स्वच्छ, टाके कोरडे, घर लख्ख. स्वतःची पाठ स्वतःला थोपटता येत नाही, नाहीतर बाईंनी थोपटली असती. मग त्यांना काका दिसले. दाराजवळच्या स्टुलावर, पायांत बूट घालून बसलेले.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही. सारखा यांच्या पायांत येतो. म्हणून खाली चक्कर मारून येतो.”

“पण मदत नीट मिळतेय ना?”

“झकास. बोट ठेवायला जागा नाही.” काका हसले. “लिफ्ट चालू असली की मेकॅनिकला कोण विचारतंय?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, ती वृद्धाश्रमातली जागा अजून आहे का? नाही, माझ्यासाठी विचारतोय. तिचं इथे छान चाललंय. मला काही काम नाही.”

एवढ्या मोठ्या टेबलाशी बसून कामं वाटली, आणि ज्याचं घर त्यालाच वाटा नाही. हे आपल्याला कसं सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली. पण लाजत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जिन्यात जाऊन त्यांनी घरकामाच्या संस्थेला फोन लावला.

“संध्याकाळचं भरवणं काका करतील.”

“मॅडम, तुम्हीच भांडून दोन्ही वेळची बाई घेतलीत,” पलीकडचे साहेब म्हणाले. “घरच्यांना जमत असेल तर मदत पूर्ण बंद. आमच्याकडे अर्धं-मुर्धं नसतं.”

मदत बंद म्हणजे काकू वृद्धाश्रमात. बाईंनी आवाज चढवला नाही.

“बंद कोण म्हणतंय? तुमची बाई येणारच. स्वयंपाक ती करेल, भरवताना शेजारी उभी राहील.”

“नुसतं उभं राहायचं? ते काय काम झालं?”

“करून बघा एकदा. हात शिवशिवतात. आणि नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या. मी तेच घेऊन तुमच्या वरच्या साहेबांकडे बसते.”

मग साहेब म्हणाले, “बरं, चालू ठेवू.”

नर्सला पटवणं अवघड होतं, कारण तिचं म्हणणं खरं होतं. “घास अडकला तर जाब मला विचारतील, बाई.”

“मलाही विचारतील. म्हणून तर तूच शिकव त्यांना.”

नर्सने काकांकडे पाहिलं. “आठवडाभर माझ्यासमोर भरवा, मग बघू. आज वेणीपासून सुरुवात करा. त्यात काही बिघडत नाही.”

काकांनी कोपरापर्यंत हात धुतले. काकूंच्या मागे बसून टोकापासून एकेक गुंता सोडवायला घेतला. काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मान वळवून त्यांनी काकांना निरखून पाहिलं.

“तुम्ही नवीन का?”

बाई काही सांगायला पुढे झाल्या. काकांनी त्यांना हातानेच थांबवलं.

“हो. आजच लागलो.”

काकू बाईंकडे वळल्या. “यांचा हात हलका आहे हो. रोज यांनाच पाठवत जा.”

“पाठवते,” बाई म्हणाल्या.

काकांनी कंगवा पुन्हा केसांत घातला.

“ओढलं गेलं तर सांगा हं,” ते म्हणाले.