अडीचशे घाव

विश्रांतवाडीतल्या घरामागे सुबाभूळ माजली होती. सकाळपासून रंगनाथराव ती तोडत होते खरे, पण लक्ष सगळं कोयत्यावर. कारखान्यात तीस वर्षं तापलेल्या पोलादाला पाणी देऊन ते कडक करण्यात गेलेली. हा कोयता त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून घडवून घेतला होता आणि पाणी स्वतः समोर उभं राहून द्यायला लावलं होतं. दर पन्नास घावांनी ते थांबत, वर्तमानपत्राचा कागद कापून धार पाहत, वहीत लिहीत. दोनशेला कागद किंचित अडखळला. अडीचशे गाठायचेच म्हणून त्यांनी दमही घेतला नाही.

"कोयता खाली टाका."

मागच्या फाटकात एक हवालदार आणि एक तरुण पोलीस बाई उभ्या होत्या. समोरच्या इमारतीतून कुणीतरी कळवलं होतं, एक माणूस कोयता घेऊन फिरतोय. कोयता गँगच्या बातम्यांमुळे आजकाल शहरात तेवढा एक शब्द पुरे होतो.

"टाकतो," रंगनाथराव म्हणाले. पण बोटं उघडेनात. मुठीत असा पेटका आला होता की मूठ जणू त्यांची नव्हतीच. ती सोडवायला त्यांनी दुसरा हात लावला, तर हवालदाराला वाटलं, दोन्ही हातांनी धरला. काठी उगारून तो दोन पावलं पुढे आला.

"आजोबा, परत सांगणार नाही."

"सुटत नाहीये," एवढंच कसंबसं बाहेर आलं, आणि ते त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं.

मागच्या दारातून त्यांच्या पत्नी यमुनाबाई आल्या आणि सरळ दोघांच्या मध्ये शिरल्या.

"बाई, मागे व्हा."

"मागे होऊन काय करू? त्यांची बोटं आखडलीत. तुम्ही उघडणार आहात का?"

करंगळीपासून एकेक बोट त्यांनी दाबून सरळ केलं. अंगठा सुटला तसा कोयता पाचोळ्यात पडला. पोलीस बाईंनी तो पटकन उचलला. हवालदाराने काठी खाली घेतली, वही चाळली.

"घाव मोजत होता?"

"धार किती टिकते ते बघत होतो."

त्याने नाव-पत्ता लिहून घेतला. "झाडं पाडायची तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा," म्हणत कोयता यमुनाबाईंकडे दिला, आणि दोघे गेले.

रंगनाथराव पायरीवर बसले. हातात कप धरवेना. यमुनाबाईंनी चहा बशीत ओतून त्यांच्या ओठांशी धरला.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले.

"दिसत होतं. प्या आता."