यंत्राला लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चारुशीलेने चप्पल दाराबाहेर काढली, काचेच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरवरचा कपडा उचलला आणि बटण दाबलं. काही नाही. पंखा घरघरला नाही, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, तरी पेटी ढिम्म.

उंब्रजच्या या पाणीपुरवठा संस्थेत नदीवरून उचललेलं पाणी कुणाच्या रानाला कधी जायचं, ते या पेटीतून छापून निघे. शाळवाच्या पिकाला पाण्याची पहिली पाळी आजच लागायची होती. ओसरीवर माणसं जमली होती. यंत्र मेलंय ही बातमी त्यांच्यात जायला काही वेळ लागला नाही.

सेक्रेटरी नानासो दारातूनच म्हणाले, "खंडेनवमीला ह्येला कुंकू कुणी लावलं?"

"मीच लावलं," चारुशीला म्हणाली. "रोज मी चालवते, मी लावलं."

"मी तवाच म्हणलं हुतं. सवाष्णीचा हात असावा."

चारुशीलेचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. साताऱ्याहून ती या नोकरीवर आली ती त्यानंतर. हे बोलणं आजवर तिच्या पाठीमागं चालायचं, आज समोर आलं.

चेअरमन लालासाहेब पुढं झाले. माणूस वाईट नव्हता, पण ओसरीवरच्या माणसांना फार भ्यायचा. "बाई, मनाला लावून घ्यू नका. आपली मंगल सवाष्ण हाय, ती नारळ फोडंल, ओवाळंल. आन् हितनं फुडं मशीनवर दुसरं कोन तरी बसंल. तुमी पलीकडं टपाल बघा. काम तर काम."

"मी टपालावर बसणार नाही, आबा."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यामुळं लालासाहेबांना ते नीट कळायला एक क्षण लागला.

"आवं, एकादशी धरता, सोमवार धरता, तुमाला काय सांगायचं?"

"म्हणूनच सांगते. घरी देवाला रोज मीच कुंकू लावते. त्यानं कधी तोंड फिरवलं नाही. या पत्र्याच्या डब्यानं का फिरवावं? मंगल नारळ आणेपर्यंत मला बघू द्या."

मंगल, संस्थेत झाडलोट आणि चहा बघणारी, नारळ आणायला गेली. जाताना तिनं मुद्दाम लांबचं दुकान गाठलं.

चारुशीलेला यंत्राच्या पोटातलं काही ठाऊक नव्हतं. पण घरात दिवा लागला नाही तर बाई आधी वात बघते, मग तेल बघते, तसं तिनं धरलं. भिंतीच्या प्लगात टेबलावरचा दिवा लावला, लागला. कॉम्प्युटरची वायर काढून प्रिंटरला जोडली, प्रिंटर खरखरला. म्हणजे वीज पेटीच्या दारापर्यंत येत होती. वायर पुन्हा पेटीला लावून तिनं बटण दाबलं आणि या खेपेला बोट तिथंच ठेवलं. एरवी बटण टक् करून आत बसायचं. आज ते अर्ध्यातून परत येत होतं.

तिनं आधी प्लग काढला. मग अंबाड्यातला आकडा काढून बटणाच्या फटीत फिरवला. लाल चिखल वाळलेला निघाला, आणि त्यात चिकटलेल्या अक्षता. कुंकू पातळ कालवलं होतं, अक्षता त्यात भिजवल्या होत्या, आणि पूजा करताना त्या नेमक्या बटणावर वाहिल्या होत्या. यंत्राचा जीव तिथंच असतो असं तिला वाटलं होतं.

प्लग लावला. बटण टक् करून बसलं, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं धावली.

नानासो वाकून बघत होते. "म्हंजे तुमच्याच हातचं झालं की."

"हो, माझ्याच हातचं." तिनं तळहातावरचे तांदूळ त्यांच्यापुढं धरले. "हे तांदूळ आहेत, नानासो. मंगलनं वाहिले असते तरी अडकलेच असते. चूक माझी आहे, ती मी काढली. पण विधवेचा हात म्हणून जे माझ्या माथी मारताय, ते मी घेणार नाही."

मंगल नारळ आणि ताट घेऊन दारात उभी राहिली.

लालासाहेब चुळबुळले. "बाई, ते खरं. पर आता ताट आलंच हाय. लोकांच्या समाधानापुरतं मंगलला लावू द्या की बोट."

"लावायचं तर मी लावीन. नाहीतर आज कुणीच नको."

"मी न्हाई लावायची, आबा," मंगल म्हणाली. "चालू यंत्राला मी हात लावला आन् उद्या बंद पडलं, तर माजा न्हवरा जित्ता हाय म्हणून सोडताय व्हय मला?"

ओसरीवर कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "आवं, कुंकू कुणीबी लावा, पाळी कुणाची ते सांगा. मोटर कवा सोडायची?"

लालासाहेबांनी ओसरीकडं बघितलं, मग ताट चारुशीलेच्या हातात दिलं. तिनं कोरड्या कुंकवाचं बोट पेटीच्या माथ्यावर टेकवलं, बटणापासून चांगलं लांब. हात जोडले. मग खुर्चीवर बसून पाळीपत्रक छापायला टाकलं. प्रिंटर कर्कश वाजू लागला आणि सलग कागदाची घडी सरकता सरकता एका अंगाला कलली.

"नानासो," ती मान न वळवता म्हणाली, "कागद तिरपा येतोय. जरा धरता?"

नानासोंनी लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेब नारळ फोडायला दगड शोधत होते. मग नानासो आत आले आणि दोन्ही हातांनी कागद धरून उभे राहिले.